पट्टा, खडावा, आरसा, अंगठी, कडं: जादूच्या वस्तू कुठे फसतात

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधला एक गट, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आणि चार खेळाडू, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून कथा पुढे न्यायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. जग काल्पनिक, पण साचा होळकरी माळव्याचा: नदीचे घाट, वाडे, सरदार, खासगीचा खजिना. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, अनुभवाच्या तिसऱ्या पायरीवर (लेव्हलवर) आहे. डीएमनं पाच वस्तू स्वतः रचून वाटल्या. फायटरला (लढवय्याला) बिजलीचा पट्टा, म्हणजे दांडपट्टा: अटॅक (वार) आणि डॅमेजला (माराला) +३, शिवाय प्रत्येक वाराला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) विजेचा मार. रोगला (म्हणजे चोरट्या पात्राला) गरुडखडावा: हवं तेव्हा, हवं तितका वेळ उडता येतं. विझर्डला (जादूगाराला) सत्यदर्पण: समोरचा खोटं बोलला की आरसा काळवंडतो. वाटेत सापडलेली काळी अंगठी: बोटात घातली की जवळच्या मित्रावर हल्ला. आणि क्लेरिकला (पुजाऱ्याला) नागकडं, जे आजवर कुणी वापरलेलं नाही. आता लढाया फुसक्या होतात, रहस्यं दहा मिनिटांत सुटतात आणि क्लेरिक कंटाळला आहे. काय चुकलं, आणि वस्तू हिसकावून न घेता त्या दुरुस्त कशा करायच्या?

पाचही वस्तूंच्या कल्पना चांगल्या आहेत. पाचांपैकी चारांत दोष एकच आहे: वस्तू काय करते हे लिहिलं, कधी करत नाही हे लिहिलं नाही. पाचवीत उलट झालंय, अटी एवढ्या घातल्या की वस्तूच उरली नाही. पुढचे सगळे आकडे २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. तुम्ही २०२४ ची पुस्तकं वापरत असाल तर काही किरकोळ आकडे बदलतील, हिशेबाची पद्धत तीच राहील.

पट्ट्यापासून सुरू करू, कारण इथे अंदाज नको, कागद-पेन्सिल घ्या. तिसऱ्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ (ताकद) १६, म्हणजे अटॅकला, वार लागतो का हे ठरवणाऱ्या डी२० ला (वीस बाजूंच्या फाशाला), +५. पट्ट्याचा मार १डी८+३ धरा, सरासरी ७.५. समोर एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ चा गॉब्लिन. डी२० वर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे ५५ टक्के. क्रिट (२० पडल्यावरचा जास्तीचा मार) बाजूला ठेवला तर एका फेरीला (सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंद) सरासरी ४.१. आता तुमचा पट्टा हातात द्या. अटॅक +८, त्यामुळे ७ पुरतात, म्हणजे ७० टक्के. मार ७.५ अधिक ३ अधिक ७, एकूण १७.५. फेरीला १२.२५. जवळजवळ तिप्पट. त्याच टेबलावरचा रोग, शत्रूशेजारी साथीदार असताना, स्नीक अटॅक (त्याचा जास्तीचा मार) लावून, शॉर्टबोनं फेरीला साधारण ७.४ काढतो, तेही सगळं जुळून आलं तर. ५९ हिट पॉइंटांचा (जीव मोजायचे गुण), एसी ११ चा ओगर साध्या फायटरला एकट्यानं पाडायला दहा-अकरा फेऱ्या लागतात. पट्टेवाल्याला चार.

नियमपुस्तकातली मोजपट्टी लावली तर हे आधीच दिसलं असतं. +३ चं शस्त्र ‘व्हेरी रेअर’ (अतिदुर्मिळ) आहे आणि त्या दर्जाच्या वस्तू साधारण अकराव्या लेव्हलपासून द्याव्यात असं डीएमची पुस्तिका सांगते. प्रत्येक वाराला २डी६ जास्तीचा मार देणारी फ्लेम टंग ही तलवार ‘रेअर’ (दुर्मिळ), म्हणजे पाचव्या लेव्हलपासूनची. तुम्ही या दोन्ही एकाच मुठीत बसवून तिसऱ्या लेव्हलला दिल्या.

खरं नुकसान मात्र पुढच्या पायरीवर होतं. फायटर सगळं कापतोय म्हटल्यावर डीएम मोठे राक्षस आणतो. हिल जायंट आणला, १०५ हिट पॉइंट, दोन वार, प्रत्येकी सरासरी १८. तिसऱ्या लेव्हलच्या विझर्डकडे २० च्या आसपास हिट पॉइंट असतात. दोन वार लागले की तो जमिनीवर. म्हणजे एका खेळाडूच्या शस्त्राची किंमत दुसरा खेळाडू चुकवतो. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा अटॅक मिळाला की हे सगळं दुप्पट होईल, म्हणून दुरुस्ती त्याआधी करायला हवी.

दुरुस्त पट्टा असा लिहा: +१, अट्यूनमेंट (पात्रानं वस्तूशी जुळवून घेणं, एका वेळी फार तर तीन वस्तूंशी) आवश्यक, तीन चार्ज (मोजके वापर). वार लागल्यानंतर, डॅमेजचे फासे टाकायच्या आधी, एक चार्ज खर्चून २डी६ विजेचा मार वाढवता येतो. त्या शत्रूला त्याच्या पुढच्या टर्नच्या (पाळीच्या) सुरुवातीपर्यंत रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) वापरता येत नाही. ज्याला वार लागला तो पाण्यात उभा असेल तर त्याच्या ५ फुटांतल्या, पाण्यात असलेल्या सगळ्यांना, मित्रांनाही, १डी६. रोज पहाटे १डी३ चार्ज परत येतात.

हिशेब पुन्हा. +१ नं ६० टक्के, मार ८.५, फेरीला ५.१. दिवसात तीन लढाया, प्रत्येकी चार फेऱ्या धरल्या आणि तिन्ही चार्ज भरलेले असले तर एकूण साधारण ८२, म्हणजे फेरीला ६.८. साध्या फायटरपेक्षा स्पष्ट जास्त, रोगपेक्षा किंचित कमी. आणि आता पट्टेवाल्यापुढे प्रश्न आहेत. चार्ज या गॉब्लिनवर घालवू की सरदारासाठी राखू? घाटाच्या पायऱ्यांवर, गुडघाभर पाण्यात लढताना क्लेरिक शेजारी आहे, तरी वीज सोडू का? तुमच्या नकाशावर नदी आहेच, तिला शस्त्राशी जोडून टाका. ‘रिॲक्शन नाही’ हे कलम बारीक दिसतं, पण विझर्डला शत्रूच्या तावडीतून मार न खाता निसटता येतं. फायटरच्या शस्त्राचा फायदा दुसऱ्याला होणं, ही माझ्या मते चांगल्या वस्तूची सगळ्यात भरवशाची खूण आहे.

इथेच एक न विचारलेली गोष्ट सांगतो, कारण पट्टा कमी केला की पुढची चूक हमखास हीच होते: ‘मग सगळ्यांना थोडंथोडं एसी देऊ, ते निरुपद्रवी.’ ते निरुपद्रवी नाही. प्लेट आर्मर आणि ढाल मिळून एसी २०. अटॅक +५ असलेल्या ऑर्कला १५ हवेत, ३० टक्के वार लागतात. आता +१ चं प्लेट, +१ ची ढाल, क्लोक ऑफ प्रोटेक्शन आणि रिंग ऑफ प्रोटेक्शन चढवा. एसी २४. ऑर्कला १९ हवेत, १० टक्के. नुसते चार अंक वाढले, पण लागणारे वार एक तृतीयांशावर आले. एसी आधीच वर असेल तर पुढचा प्रत्येक अंक आधीच्यापेक्षा जास्त काम करतो. त्यामुळे संरक्षणाची वस्तू सगळ्यात चिलखती माणसाला देऊ नका, विझर्डला द्या. आणि आर्मर व ढालीला अट्यूनमेंट लागत नाही, फक्त क्लोक आणि रिंगला लागतं, म्हणजे तीन जागांची मर्यादा हा ढीग अडवत नाही.

खडावांकडे येऊ. उडणं या खेळात महाग का ठेवलंय ते आधी पाहा. विझर्डला फ्लाय हा उडायचा स्पेल (मंत्र) पाचव्या लेव्हलला मिळतो, तिसऱ्या पातळीचा स्लॉट (मंत्राच्या मोजक्या वापरांतला एक) जातो, दहा मिनिटं टिकतो आणि कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला लागणारं लक्ष) लागतं. मार बसला तर १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यातला मोठा आकडा गाठून कॉन्स्टिट्यूशन (अंगकाठी) सेव्ह, म्हणजे परिणाम टाळायचा फासा, करावा लागतो. चुकला की माणूस खाली, प्रत्येक १० फुटांना १डी६. तुमच्या खडावांत यातलं काहीच नाही. परिणाम: लांडगे, आउलबेअर, धनुष्य नसलेले पहारेकरी, सगळे निकामी. रोग ६० फुटांवर तरंगत बाण मारत बसतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यासारखा सरळसोट कड्यावरचा गड तुम्ही दोन आठवडे खपून काढला असेल, तर तो रोगसाठी सपाट मैदान आहे. दरी, खंदक, तुटलेला पूल, कोसळता जिना: डीएमच्या हातातली निम्मी हत्यारं एका वस्तूनं काढून घेतली.

अधिकृत पुस्तकाकडे बोट दाखवून सुटका नाही, कारण ते स्वतःच इथे डळमळतं. ब्रूम ऑफ फ्लाइंग ‘अनकॉमन’ आहे, अट्यूनमेंट नाही, ५० फूट वेग. विंग्ज ऑफ फ्लाइंग मात्र ‘रेअर’, अट्यूनमेंट लागतं, एक तास चालतात आणि मग १डी१२ तास बंद. म्हणजे जे जास्त बंधनात आहे ते जास्त दुर्मिळ! छापील दर्जा पाहून वस्तू उचलू नका, मर्यादेची ओळ वाचा. विंग्ड बूट्सचा नमुना बरा आहे: अट्यूनमेंट, एकूण चार तास, तुकड्यातुकड्यानं वापरता येतात. तरी तिसऱ्या लेव्हलला चार तास फार.

खडावांसाठी दोन रस्ते आहेत. सोपा: एका टर्नमध्ये ३० फुटांपर्यंत उडता येतं, पण टर्न संपताना पायाखाली आधार हवा, नाहीतर पडता. यात खंदक ओलांडता येतो, सज्जावर चढता येतं, पण हवेत ठाण मांडता येत नाही. दुसरा: रोज पहाटे एकेका मिनिटाच्या पाच उड्डाणांचा साठा, आणि उडताना फ्लाय स्पेलसारखंच कॉन्सन्ट्रेशन. तुमचा रोग जादू करत नसेल तर त्याला कॉन्सन्ट्रेशनचा एरवी काही भार नसतो, म्हणून हा रस्ता दिसतो तितका कडक नाही. मी पहिला घेईन. मिनिटं मोजत बसण्यापेक्षा ‘टर्नच्या शेवटी पाय टेकले का?’ हा प्रश्न टेबलावर पटकन सुटतो.

आरसा हा पाचांत सगळ्यात धोकादायक, कारण त्याचं नुकसान आकड्यांत दिसत नाही. घाटावर सरदाराच्या कारभाऱ्याचा खून झाला असं समजा. विझर्ड वाड्यातले वीस नोकर ओळीनं उभे करतो, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, आरसा काळवंडतो, खुनी सापडला. तुम्ही रचलेले पुरावे, साक्षीतला विरोधाभास, वहीतली खाडाखोड, काहीच कुणी उघडत नाही. शिवाय इनसाइट (माणूस ओळखायच्या) कौशल्यावर खेळाडूनं घातलेली मेहनत फुकट जाते. तुलना झोन ऑफ ट्रुथशी करा: दुसऱ्या पातळीचा स्पेल, १५ फूट त्रिज्येचं वर्तुळ, दहा मिनिटं, करिश्मा सेव्ह. समोरच्याला स्पेल लागलाय हे कळतं आणि तो गप्प बसू शकतो किंवा गोल गोल बोलू शकतो. त्यातली प्रत्येक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. त्या पळवाटांमुळेच चौकशी रंगते.

म्हणून आरशाकडून ‘खरं की खोटं’ हा निकाल काढून घ्या आणि त्याला अर्धवट माहिती द्यायला लावा. नवा आरसा: ज्याचा चेहरा त्यात पडतो, तो माणूस त्या घडीला जे लपवतोय त्याचं एक मूक चित्र सहा सेकंद दिसतं. तेच चित्र त्या माणसालाही दिसतं. मग आरसा पुढच्या पहाटेपर्यंत धुरकट राहतो, आणि एकाच माणसावर पुन्हा कधीच चालत नाही.

आता दिवसाला एकच माणूस निवडायचा, म्हणजे आधी तपास करावाच लागतो. चित्र दिसतं, अर्थ लावावा लागतो: रक्ताळलेली कट्यार दिसली, पण तो खुनी आहे की कट्यार लपवणारा? समोरच्याला कळतं की तुम्ही काय पाहिलं, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत तो पळू शकतो. आणि भर दरबारात सरदाराच्या तोंडासमोर आरसा धरणं हा अपमान आहे, त्याची किंमत नियमात लिहायचीही गरज नाही, तुमचं जगच ती वसूल करेल. डीएमसाठी काम मात्र वाढतं: प्रत्येक महत्त्वाच्या पात्राच्या नावापुढे ‘हा काय लपवतो’ याची एक ओळ आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी सुचवायला गेलात तर चित्र एकतर निरर्थक निघेल किंवा सगळं फोडून टाकेल.

बिनलढाईच्या वस्तू गरीब असतात हा समज आरशावरून मोडला नसेल तर अधिकृत डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर (न संपणाऱ्या पाण्याची सुरई) घ्या. जोराच्या धारेला दर सहा सेकंदांना ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११३ लिटर. मिनिटाला ११०० लिटरच्या वर. दर फेरीला परवलीचा शब्द म्हणायला एक माणूस बसवला की ५००० लिटरचा टँकर पाच मिनिटांच्या आत भरतो. ज्या शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर-एक किलोमीटरवरून आणावं लागतं, तिथल्या खेळाडूंना हा धंदा सुचायला किती वेळ लागेल? रोखायचा असेल तर ‘तासाभरात दहापेक्षा जास्त वेळा नाही’ एवढी एक ओळ पुरते. नाहीतर उघड्या डोळ्यांनी परवानगी द्या आणि भिश्त्यांची पंचायत दारात आणा. दोन्ही चालतं. फक्त आधी ठरवलेलं असावं.

अंगठीत तोच दोष वेगळ्या रूपात आहे. शाप वाईट नसतो, पण तुमच्या अंगठीत खेळाडूला एकही निर्णय नाही. घालण्याआधी इशारा नाही, सेव्ह नाही, फायदा नाही, आणि त्याच्या पात्राचे हात डीएम हलवतो. त्यातून धडा एकच मिळतो: सापडलेल्या कुठल्याच वस्तूला हात लावू नका. मग तुमचा खजिनाच मेला. २०१४ च्या नियमांत आयडेंटिफाय या वस्तू ओळखायच्या स्पेलनंही बहुतेक शाप उघड होत नाहीत, त्यामुळे इशारा द्यायचं काम कथेवर येतं: अंगठी ज्या सांगाड्याच्या बोटात होती त्याच्या हाडांवर न भरलेल्या जखमा असू द्या. बर्सर्कर ॲक्स पाहा, तीही शापित आहे, पण +१ आणि प्रत्येक लेव्हलला एक हिट पॉइंट जास्त देते, म्हणून खेळाडू ती सोडायला नाखूश असतो. चांगला शाप सावकारी कर्जासारखा असतो, गरज पडेल तेव्हा माणूस स्वतःच्या पायानं दारात जातो. काळी अंगठी अशी करा: सेव्ह चुकला तर तो यशस्वी झाला असं ठरवता येतं, कितीही वेळा. पण असं केलं की पुढच्या पहाटेपर्यंत त्या पात्राला कुठल्याही उपायानं हिट पॉइंट परत मिळत नाहीत. त्याच दिवशी दुसऱ्यांदा वापरली तर एक लेव्हल एक्झॉशन (थकवा), तिसऱ्यांदा आणखी एक. काढायची झाली तर रिमूव्ह कर्स हा शाप उतरवायचा स्पेल, जो क्लेरिकला पाचव्या लेव्हलला येईल, म्हणजे तोवर दोन लेव्हलचा ताण आयता मिळाला.

कड्याचं थोडक्यात. तुमची ओळ अशी आहे: सापाच्या विषाविरुद्ध, दिवसातून एकदा, ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चून डी६ टाकायचा, ६ आला तर पुढच्या सेव्हला +१. डी२० वर +१ म्हणजे पाच टक्के. त्याला सहानं भागा. शंभरातून एकदाही उपयोग नाही, आणि त्यासाठी साप चावण्याआधी आख्खी ॲक्शन घालवायची! क्लेरिक विसरला नाही, त्यानं बरोबर हिशेब केला. नवं कडं: एकदा (वापर पहाटे परत) रिॲक्शन वापरून, स्वतःला किंवा ५ फुटांतल्या कुणालाही बसणारा विषाचा मार निम्मा. शिवाय जेवणाच्या ताटावर हात धरला की विष असेल तर कडं गार पडतं, याला मर्यादा नको. दरबारी राजकारणाच्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या कथेत) हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा जास्त खेळलं जाईल.

शब्दांकनाबद्दल, कारण निम्मी भांडणं तिथली असतात. ‘रोज एकदा’ लिहू नका. ‘पहाटे परत’ किंवा ‘लॉन्ग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) परत’ लिहा, या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि रात्री प्रवास करणारी पार्टी हा फरक लगेच शोधते. ‘वार केल्यावर’ आणि ‘वार लागल्यावर’ यांतला नेमका एक लिहा. ‘शत्रू घाबरतो’ नको, नियमातली फ्रायटन्ड अवस्था, कोणता सेव्ह, किती डीसी (सेव्हला गाठायचा आकडा), कधी संपते. वापरायला ॲक्शन लागते, बोनस ॲक्शन की रिॲक्शन, हे नेहमी पहिल्या ओळीत. आणि पत्त्याएवढ्या कार्डावर वस्तू मावत नसेल तर एक कलम कापा. आधी मर्यादा लिहायची सवय लावली, कोण, कधी, किती वेळा, किती वेळ, आणि मग गुण लिहिला, तर कार्ड आपोआप आखूड होतं.

वाटण्याआधी तासभर एकट्यानं बसून तपासा. वस्तू तीन प्रसंगांत घाला: आठ दुबळे शत्रू, एक दांडगा शत्रू, आणि तलवार न उपसता सोडवायचा एक पेच. तिन्हीत ती सारखीच चालली तर तिला धार जास्त आहे. एकातही आठवली नाही तर कड्याची गत. मग पार्टीतल्या इतर वस्तूंशी जोडून पाहा. अंगठी आणि पट्टा एकाच हातात आले तर काय होतं, हे तुमच्याआधी फायटरला सुचलेलं असतं.

आता चालू कॅम्पेनमधली अदलाबदल. चोरानं रात्री पट्टा पळवला, नदीनं खडावा वाहून नेल्या, असले डाव टाकू नका. खेळाडूला त्यातला डीएमचा हात लगेच दिसतो आणि पुढचे तीन सेशन त्या पट्ट्याच्या मागे जातात. सेशन सुरू व्हायच्या आधी, फासे बाहेर काढण्याआधी, सरळ सांगा: या पाच वस्तू नीट लिहिल्या नव्हत्या, ही नवी कार्डं. ज्याची वस्तू कमी झाली त्याला तिचा एक गुण स्वतः निवडू द्या. पट्टेवाल्याला चार्ज तीन हवेत की दोन चार्ज आणि मार ३डी६, हे त्यानं ठरवावं. झालेल्या लढायांचे निकाल उकरू नका.

आणि पट्ट्याचं कार्ड चौथी लेव्हल चढायच्या दिवशीच बदला. त्या दिवशी फायटरला क्षमतेत दोन गुण वाढवता येतात, बहुतेक जण स्ट्रेंग्थ १६ ची १८ करतात. नव्या +१ पट्ट्यासकट त्याच्या कागदावर अटॅकला जिथे +८ होतं तिथे +७ येईल.